चार्ज घेताना

एल.पी.ला एसटीतून उतरलो तेव्हा साडेचार झाले होते.
एका हातात बॅग, दुसऱ्यात वहिनीने बांधून दिलेलं
कुळथाचं पीठ. "पातळ पिठी त्यांना गिळता येईल," म्हणाली.
रिक्षावाल्याला सेक्टर सांगितला
आणि वर म्हणालो, जरा तलावावरून घे.
तलावावरून लांब पडतं.
मला माहीत होतं.

जिना तीन मजले. दुसऱ्यावर पिल्लईबाई भेटल्या,
"चेहरा चांगला झाला हो तुमचा."
असं कुणी म्हटलं की
काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटतं.

बेबीताई पर्स खांद्याला लावूनच बसल्या होत्या.
तुर्भे स्टोअरला त्यांचं पाणी सहाला येतं.
मी कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
चार्ज कसा घ्यायचा ते मला कळतं.
मोजून घेतलं. डायपर अकरा.
एअरबेडचा पंप चालू.
बीपीच्या गोळ्यांची शेवटची पट्टी.
मग वही.
माझ्या आखीव रकान्यांत त्यांचं मोठं, गोल अक्षर:
बारा तारीख. पेज पूर्ण. संडास नाही.
तेरा. बीपी बरोबर.
चौदा. ताई हसल्या.

कशाला हसलीस ते लिहिलेलं नाही.
तसा रकानाच नव्हता.

आणि आतल्या खोलीत आलो तर
वेणी नव्हती.

"मागे गुंता व्हायचा उशीवर," बेबीताई दारातून म्हणाल्या,
"विचारूनच कापले. मान हलवली त्यांनी."

वेणी मी एकोणसत्तराव्या वर्षी शिकलो.
खिडकीच्या गजाला नाडीचे तीन पेड बांधून,
डावा वरून, उजवा वरून,
तुझ्या डोक्यावर हात घालण्याआधी चार दिवस.
कधी इतकी सैल की दुपारपर्यंत उसवायची,
कधी इतकी घट्ट की तुझी भुवई वर ओढली जायची,
तू एका बाजूने कण्हायचीस
आणि मी म्हणायचो, झालं, झालं.
दिवसातली तेवढीच वीस मिनिटं
मी काही पुसत नव्हतो, पाजत नव्हतो.
आता ही बोटं
सकाळी साडेनऊला कुठे ठेवू?

एक सांगायचं ठरवून आलो होतो.
पहिल्या रात्री दोनला उठलो, तुला कुशीवर वळवायला.
भावाच्या घरातल्या भिंतीला हात लागला, गार.
दुसऱ्या रात्रीही उठलो.
तिसऱ्या रात्री नाही,
आणि नंतर एकदाही नाही.
बांगडा खाल्ला. दुपारी घोरलो म्हणे.
गुरुवारी जवळजवळ संध्याकाळपर्यंत
तू आठवली नाहीस.
हे सगळं जिन्यात जुळवलं होतं, ओळीने,
पण तुझ्याकडे बघितलं आणि म्हणालो,
"गुहागरला हवा बरी होती."

तू बघत राहिलीस.
मग डावा हात उचललास, मानेमागे नेलास,
जिथे आता केस संपतात तिथे
बोटं उलटसुलट फिरवलीस,
मांजराच्या पाठीवर फिरवावीत तशी,
आणि तोंडाच्या चालत्या बाजूने
एक शब्द काढलास. पंधरवड्यात एखादाच निघतो.

"सुटले."

मी हसलो आधी.
मग तुझा चेहरा नीट बघितला.
तोही चांगला झाला होता.
म्हणजे आठ दिवस
सुट्टीवर तूही होतीस.

बेबीताई गेल्या. दाराला साखळी लावली.
पिठी कालवली, गुठळ्या मोडल्या, मीठ बेतानं.
तुझ्या गळ्यात टॉवेल बांधताना
गाठीत केस अडकला नाही.
सोपं झालंय. कबूल करायला हवं.
चमचा फुंकला, पुढे केला
आणि तुझ्याआधी
माझंच तोंड उघडलं,
सवयीने.